कुणाची ज्योत आधी? पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका दौडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

करवीर तालुक्यातलं हे एक गाव. नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. पन्हाळगडापासून रस्त्याने सुमारे २४ किलोमीटर. शिवजयंतीला, म्हणजे १९ फेब्रुवारीला, गडावर ज्योत पेटवायची आणि ती आळीपाळीने पळत गावात आणायची, ही इथली जुनी रीत. आमच्या वडिलांनी आणली, आम्ही आणली, आता आमची पोरं आणतात. मी गावातल्या हायस्कुलात खेळ शिकवत होतो. त्यामुळे पळणाऱ्यांतली निम्मीअधिक पोरं माझ्या हाताखालून गेलेली.

ही वाट आमच्यासाठी नुसता डांबरी रस्ता नाही. करवीर राज्याची राजधानी आधी पन्हाळ्यावर होती, नंतर ती कोल्हापुरात आली. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला तो याच गडाला. जुलैच्या पावसात महाराज विशाळगडाकडे निसटले. त्या रात्री महाराजांचं सोंग घेऊन पालखीत बसून शत्रूच्या छावणीकडे गेलेले शिवा काशीद गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचे. गडावर त्यांचा पुतळा आहे. आमची पोरं आधी त्या पायांवर डोकं ठेवतात आणि मग मशाल पेटवतात.

गावात तीन तरुण मंडळं. पूर्वी ज्योत एकच यायची. पुढे मंडळं वेगळी झाली, तशा ज्योतीही वेगळ्या झाल्या. ज्या मंडळाची ज्योत आधी वेशीत शिरेल त्याला चौकातल्या पूजेचा पहिला मान, असं कधीतरी ठरून गेलं. कुणी ठरवलं हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. पोलीस ठाण्याच्या अर्जावर दरवर्षी ‘ज्योत मिरवणूक’ असंच लिहिलं जायचं. पण जानेवारी लागला की पारावर एकच विषय असायचा: यंदा कुणाची आधी?

पळणारे बहुतेक भरतीवाले. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर पळावं लागतं, म्हणून पोरं पहाटे चारला उठून तेवढं अंतर घड्याळ लावून मारतात. अशा पोराच्या हातात मशाल दिली आणि शेजारून दुसऱ्या मंडळाचा पोरगा पुढे निघाला, तर तो चालीने पळेल अशी अपेक्षा कुणी करू नये.

त्या पहाटे काय झालं

गडाचा उतार संपून वाघबीळला आलं की कोल्हापूर-रत्नागिरी महामार्ग लागतो. पहाटेचे पावणेपाच. दोन ज्योती जवळजवळ बरोबरीने उतरत होत्या, तिसरी बरीच मागे. प्रत्येक ज्योतीमागे एक टेम्पो, त्यात झेंडे, स्पीकर आणि वीस-पंचवीस पोरं. आजूबाजूला मोटारसायकली, सगळ्यांचे हॉर्न चालू. मी एका टेम्पोत पुढे बसलो होतो.

फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. रात्रभर उसाचे ट्रॅक्टर चालतात, एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. महामार्गाला लागून थोडं पुढे गेल्यावर डाव्या कडेला अशी एक ट्रॉली उभी होती. टायर फुटलेला. ड्रायव्हरने मागे चार दगड लावले होते आणि तो दुसरं चाक आणायला गेला होता. ट्रॉलीला रेडियम नव्हतं, मागचा दिवाही नव्हता.

ज्यांनी रात्री मशाल घेऊन पळून पाहिलं आहे त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. ज्योत हातात असली की माणसाला जास्त दिसतं, असं बघणाऱ्याला वाटतं. खरं तर उलट होतं. जाळ डोळ्यांसमोर असतो, तेलाचा धूर डोळ्यांत जातो आणि उजेडाच्या चार हातांपलीकडे काळोख आणखी गडद होतो. त्यातून मागच्या टेम्पोचा हेडलाइट पाठीवर, म्हणजे स्वतःची सावली पुढ्यात पडलेली. उजव्या बाजूने दुसऱ्या मंडळाची ज्योत पुढे काढायला बघत होती, म्हणून आमचा पोरगा डावीकडे दबला. पायात दगड आला आणि तो खांद्यावर ट्रॉलीच्या फाळक्याला जाऊन आदळला.

पुढची दहा सेकंदं मला अजून जशीच्या तशी दिसतात. टेम्पोतून उड्या मारून तीन पोरं धावली. तिघांचेही हात आधी मशालीकडे गेले. ज्योत जमिनीला टेकता कामा नये, विझता कामा नये, हे त्यांना लहानपणापासून आम्हीच शिकवलेलं. मशाल उचलून एकजण पुढे पळालासुद्धा. पडलेल्या पोराला पहिला हात लागला तो दुसऱ्या मंडळाच्या मोटारसायकलवाल्याचा. त्याने गाडी आडवी टाकली, मागचं वाहन थांबवलं आणि त्यांच्याच मंडळाच्या जीपमधून पोराला कोल्हापूरला नेलं.

कॉलर बोन मोडलं, गुडघ्याला टाके पडले, मनगटावर तेलाने भाजलं. पोरगा एकोणीस वर्षांचा. दोन महिन्यांवर भरतीचं मैदान होतं, ते हुकलं.

आणि ज्योत? ती साडेसहाला वेशीत आली. पहिली आली. फटाके वाजले. अपघाताची बातमी चौकात पोचायला आणखी पाव तास लागला, मग एकदम सगळं शांत झालं.

प्रश्न नेमका कुठे होता

पहिले आठ-पंधरा दिवस दोष देण्यात गेले. ट्रॉलीवाल्याची चूक, टेम्पो ड्रायव्हरची चूक, पुढे काढायला बघणाऱ्याची चूक. दवाखान्याचं बिल कुणी भरायचं यावरून आमच्याच मंडळात दोन तट पडले. शेवटी तिन्ही मंडळांनी वर्गणी काढली, पण त्याला महिना लागला. तोवर पोराच्या वडिलांनी सोसायटीतून उचल घेतली होती. याची मला आजही लाज वाटते.

गुढीपाडव्यानंतर ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पहिली बैठक झाली. सरपंच, पोलीस पाटील, तिन्ही मंडळांचे चार-चार जण आणि फौजेतून निवृत्त झालेले आमचे सुभेदार आबा. आबांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ही शर्यत आहे का नाही, एवढं मला सांगा.”

कुणी बोलेना. एकजण म्हणाला, “आबा, महाराजांच्या ज्योतीची शर्यत कशी असंल? भक्ती हाय ती.”

“मग पहिला आला त्याला मान कशाचा देताय?”

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथे होती. शर्यत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ती आहे असं कुणालाच म्हणायचं नव्हतं. शर्यत म्हटली की नियम आले, पंच आले, रस्ता मोकळा करणं आलं, पळणाऱ्यांची यादी आली. मिरवणूक म्हटली की यातलं काहीच नको. आमच्या हायस्कूलच्या मैदानावर शंभर मीटरची शर्यत घेताना मी वाटेतला खडा न् खडा वेचायला लावायचो. तोच मी रात्रीच्या महामार्गावर पोरं पळत असताना टेम्पोत बसून हॉर्न ऐकत होतो. ‘शर्यत’ हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, एवढाच काय तो फरक.

समोर आलेले पर्याय

सगळं बंद करावं, असं सरपंचांचं आणि बऱ्याच वडीलधाऱ्यांचं मत होतं. त्याला उत्तर पोरांनीच दिलं: बंद केलंत तर आम्ही न सांगता जाऊ. ही धमकी नव्हती, ते खरंच गेले असते, आणि मग टेम्पोसुद्धा मागे नसता.

दुसरी सूचना अशी की तिघांनी एकेक तासाच्या अंतराने निघायचं. अंतर राहिलं तर धक्काबुक्की होणार नाही. मला ती आधी पटली होती. पण हिशेब तिथे संपणार नव्हता. मोबाइलवर वेळ लावून कुणाला किती मिनिटं लागली याची तुलना झालीच असती आणि प्रत्येक पोरगा काळोखात घड्याळाशी पळाला असता. ट्रॉली होती तिथेच राहिली असती.

तिसरी सूचना तिथीची. फाल्गुन वद्य तृतीयेला जयंती केली तर हंगाम संपत आलेला असतो, रस्त्यावर ट्रॅक्टर कमी. पण तारीख की तिथी हा वाद आमच्याकडे जुना आहे. त्यात हात घातला असता तर पळण्याचा विषय बाजूला राहून गाव दुसऱ्याच गोष्टीवर भांडत बसलं असतं. पोलीस पाटलांनी ती सूचना हलकेच बाजूला ठेवली. शहाणपणाचं केलं.

चौथा पर्याय आबांचा. ज्योत एकच आणायची, तिन्ही मंडळांनी मिळून. ती कुणाशी स्पर्धा करणार नाही. आणि शर्यत हवी ना, मग उघड घ्या, उजेडात घ्या, ज्योत हातात न घेता घ्या.

यावर सर्वांत मोठा गोंधळ झाला. ज्योतीशिवाय पळायचं तर मग महाराजांचं त्यात काय उरलं, असं पोरांचं म्हणणं. आबा तेव्हा जे बोलले ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. ते म्हणाले, “त्या रात्री पालखी खांद्यावर घेऊन भोई पळाले. कुणाच्या पुढं जायला पळाले का? आत बसलेला माणूस सुखरूप पोचवायला पळाले. तुम्ही परवा काय केलंत? माणूस रस्त्यात टाकलात आणि पालखी घेऊन पुढं गेलात.”

मशाल उचलून पुढे गेलेला पोरगा त्या बैठकीत होता. तो उठून बाहेर गेला. मी मागोमाग गेलो. हॉलच्या पायरीवर बसून तो रडत होता. “सर, मला खरंच वाटलं ज्योत विझंल,” एवढंच म्हणत होता. त्याला मी काय बोलणार? शिकवण आमचीच होती.

काय केलं

ठरायला दोन बैठका आणि बरीच मनधरणी लागली. ठरलं ते असं.

ज्योत एकच. गडावर पावणेसहाला पेटवायची आणि घाट चालत उतरायचा. पळणं सुरू होईल ते वाघबीळपासून, उजाडल्यावर. फेब्रुवारीत आमच्याकडे सातच्या सुमाराला सूर्य वर येतो, त्यामुळे महामार्गावर येईपर्यंत चांगलं दिसायला लागतं. पूर्वी ज्योत साडेसहाला गावात यायची, आता नऊ-साडेनऊ होणार होते. पाळण्याचा कार्यक्रम त्यामुळे पुढे ढकलावा लागला. बायकांची अडचण होईल असं आम्ही धरून चाललो होतो. विचारल्यावर कळलं की त्या इतकी वर्षं पहाटे तीनला उठून सडा-रांगोळी करत होत्या, आणि उशीर झाला तर त्यांना हवाच होता.

सगळं अंतर १६०० मीटरच्या पंधरा टप्प्यांत पाडलं. ही कल्पना आबांची आणि फार नेमकी. पूर्वी दमेपर्यंत पळायचं आणि मग वाटेत कुठेही मशाल दुसऱ्याच्या हाती द्यायची, असं चालायचं. महामार्गावर सगळ्यांत धोक्याची वेळ हीच असते. आता बदलीच्या जागा आधी जाऊन पाहिल्या. कडेला गाडी उभी करता येईल एवढी रुंदी असेल तिथेच बदली, वळणावर नाही, पुलावर नाही. टप्पा भरतीच्या अंतराचा असल्यामुळे पोरांना तो आपला वाटला. यादीत नाव यावं म्हणून रांग लागली.

टेम्पोत पेटता कंदील ठेवला. त्यात गडावरचीच ज्योत. मशाल पडली, विझली तरी कंदिलावरून पुन्हा पेटवता येते. मग चार शब्दांचा नियम सांगता आला: आधी माणूस, मग ज्योत. कंदील नसता तर हा नियम पोरांनी तोंडदेखला ऐकला असता. आपण मशाल सोडली तरी ज्योत जिवंत आहे हे डोळ्यांना दिसत असलं की हात मोकळा होतो.

शर्यतीसाठी फाट्यापासून गावच्या वेशीपर्यंतचा शेवटचा ४.८ किलोमीटरचा रस्ता घेतला. प्रत्येक मंडळाचे तीन पोरगे, एकेकाने १६०० मीटर. हातात मंडळाच्या रंगाचा लाकडी दांडका. कुणीतरी भगवा झेंडा देऊया म्हणालं, पण ते आम्ही नाकारलं. जी वस्तू खाली पडली तर जीव कळवळतो ती घेऊन शर्यत लावायची नाही, हे एकदा ठरलं होतं. ज्योत फाट्यावर थांबणार, शर्यत पुरी होणार, आणि मग तिन्ही मंडळं ज्योतीमागून एकत्र गावात शिरणार. पूजेचा मान जिंकणाऱ्याला नाही. तो दरवर्षी एकेका मंडळाला फिरता. जिंकणाऱ्याला ढाल.

पोलीस ठाण्याच्या अर्जात काय लिहायचं यावर मात्र पुन्हा वाद झाला. ‘मिरवणूक’ लिहिलं की काम सोपं, ‘शर्यत’ लिहिलं की अटी वाढणार. आम्ही शर्यत लिहिलं. अटी वाढल्या: स्वयंसेवकांची यादी, सही, वेळ, वाहनांचे नंबर. पण महामार्गाच्या तोंडावर दोन पोलीस उभे राहिले ते त्यामुळेच, आणि १०८च्या रुग्णवाहिकेला आधी कळवून ठेवता आलं.

उरला ऊस. कारखान्याच्या गट ऑफिसला जाऊन भेटलो. फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्यावर सात ते दहा ट्रॅक्टर सोडणार नाही, असं त्यांनी कबूल केलं. महामार्ग बंद करणं कुणाच्याच हातात नव्हतं. त्यावर पोरांनीच तोड काढली. आदल्या संध्याकाळी चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला, बरोबर घेऊन ती उसाच्या फडावर गेली आणि सापडतील तेवढ्या ट्रॉल्यांना, बैलगाड्यांनाही, मागून रेडियमच्या पट्ट्या चिकटवून आली. पट्टीखालची धूळ पुसायला एकाने स्वतःचा टॉवेल खराब केला. अपघात झालेला पोरगा त्यांत होता. एक हात अजून वर जात नव्हता, तो दुसऱ्या हाताने पट्ट्या कापून देत होता.

निकाल

पहिल्या वर्षी कुणाला खरचटलंही नाही. ज्योत नऊ वाजून दहा मिनिटांनी फाट्यावर आली. शर्यत बघायला रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती. पूर्वी पहाटेच्या काळोखात बघायला कोण असायचं? आयांनी आपल्या पोरांना पळताना पहिल्यांदा पाहिलं. शेवटच्या टप्प्यात दोन मंडळांत हातभर अंतर होतं. कोण जिंकलं यावर दुपारपर्यंत वाद चालला, पण तो चहाच्या टपरीवर चालला.

सगळं सरळ झालं नाही. गट ऑफिसचा शब्द तोंडी होता. तो एका ट्रॅक्टरवाल्यापर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या टप्प्याच्या वळणावर तो समोरून आला. वळणावर लाल झेंडी घेऊन उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने त्याला रोखलं म्हणून निभावलं. ड्रायव्हर बिचारा गोंधळून गेला, कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी वेगळंच घडलं. एका मंडळाची आठ पोरं आदल्या रात्री बारा वाजता गुपचूप गडावर गेली आणि सबंध २४ किलोमीटर पळत गावात आली. त्यांचं म्हणणं असं: १६०० मीटर पळून ‘पन्हाळ्यावरून पळत आलो’ असं म्हणता येत नाही. मंडळाने त्यांना काढून टाकावं, असं काहीजण म्हणाले. आम्ही त्यांना बोलावून ऐकून घेतलं. त्यांचं दुःख खरं होतं. आम्ही शर्यत सुरक्षित केली होती, पण गडापासून गावापर्यंत स्वतःच्या पायांनी येण्याचा अभिमान त्यात कुठे बसत नव्हता. तिसऱ्या वर्षापासून ‘पूर्ण पल्ला’ ठेवला. ज्याला झेपेल त्याने ज्योतीच्या बरोबरीने, ज्योतीच्या चालीने, सगळं अंतर यायचं. घाटात तेही चालणार. पुढे जायचं नाही, नंबर नाही. गावात शिरताना ज्योतीच्या लगेच मागे त्यांची रांग. त्या आठांतले सात जण आले. आठवा पोटरीत गोळा आल्याने केर्लीत बसला आणि टेम्पोतून आला. त्यालाही रांगेत घेतलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट कंदिलाची. ही बाब इतकी साधी आहे की ती आधीच्या कुठल्याही वर्षी सुचायला हवी होती. त्यासाठी अपघात व्हायला नको होता.

पहिल्या दोन बैठकांना एकही बाई नव्हती. जखमी पोराच्या आईला तिचं म्हणणं विचारलं ते सगळं ठरून गेल्यावर. ती म्हणाली, “मला आधी विचारलं असतं तर एवढंच म्हटलं असतं की ट्रॉल्यांना रेडियम लावा. त्याचा बा रोज रात्री त्याच रस्त्यानं कारखान्यावर जातो.” आम्हाला ते सुचायला दहा महिने लागले. मुलींचा ८०० मीटरचा टप्पाही तिसऱ्या वर्षी आला. भरतीची तयारी करणाऱ्या मुली गावात आधीपासून होत्या, त्यांनी मागितला म्हणून आला. आम्ही आपणहून दिला नाही.

कारखान्याकडून लेखी पत्र घ्यायला हवं होतं आणि त्याची एकेक प्रत मुकादमांच्या आणि ड्रायव्हरांच्या हातात पोचवायला हवी होती. आता तसं करतो. पळणाऱ्यांचा अपघात विमाही यादी पक्की झाली की त्याच आठवड्यात उतरवतो, म्हणजे बिल कुणी भरायचं यावर पुन्हा दोन तट पडायला नकोत.

पूजेचा मान फिरता केल्याने एक मंडळ अजून नाराज आहे. त्यांची ज्योत सलग चार वर्षं पहिली आली होती. त्यांचं समाधान कसं करावं हे मला सुचलेलं नाही. दरवर्षीच्या बैठकीत ते हा विषय काढतात आणि दरवर्षी आम्ही तो पुन्हा बोलतो.

तो पोरगा त्याच्या पुढच्या भरतीत १६०० मीटरमध्ये पास झाला, लेखीला थोडक्यात राहिला. आता पुन्हा तयारी करतोय. यंदाच्या दौडीत वाघबीळच्या पुढचा पहिला टप्पा त्याने मागून घेतला होता, तोच, जिथे तो पडला होता. बदलीच्या जागी मशाल पुढच्याच्या हातात दिली आणि परत मागे चालत जाऊन त्याने रस्त्याच्या कडेचे दोन दगड उचलून चरात टाकले.